संगणकीय बहुमाध्यमी सादरीकरणाचा अभ्यासक्रम : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

एकविसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांच्या आवारात संगणकाचे शिक्षण आले ते मुख्यतः दोन वाटांनी. पहिली वाट महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची. २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावापर्यंत प्रशिक्षण केंद्रांचे जाळे नेले आणि 'संगणक येतो' या शब्दांना एका प्रमाणपत्राचा आकार दिला. दुसरी वाट विद्यापीठ अनुदान आयोगाची. दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात आयोगाने व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमांची योजना महाविद्यालयांपुढे ठेवली. नियमित पदवीबरोबरच विद्यार्थ्याने प्रमाणपत्र, पदविका व प्रगत पदविका अशा चढत्या पायऱ्यांनी एखादे कौशल्य आत्मसात करावे, हा तिचा हेतू होता. या दोन्ही वाटांवर एक विषय हमखास भेटतो. संगणकाच्या साहाय्याने मजकूर, चित्र, ध्वनी, सचेतन आकृती व चलच्चित्र यांची सांगड घालून सादरीकरण तयार करणे, हा तो विषय होय. कधी तो स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणून येतो, तर कधी मोठ्या अभ्यासक्रमातील एक घटक म्हणून.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्नित महाविद्यालयांतही कौशल्याधारित अभ्यासक्रम पदवीच्या चौकटीतच आले. त्यामुळे पूर्वी ऐच्छिक असलेला हा विषय आता श्रेयांकांच्या हिशेबात बसू लागला आहे. अशा वेळी त्याच्या घडणीकडे चिकित्सक दृष्टीने पाहणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांच्या संदर्भात हा विचार केला आहे. २०११ पूर्वी येथील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्नित होती; त्या वर्षी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि हे दोन जिल्हे त्याचे कार्यक्षेत्र झाले. विद्यापीठ बदलले, परंतु सादरीकरणाच्या अभ्यासक्रमाचा साचा फारसा बदलला नाही. या साच्यात सादरीकरण करणारा आहे, यंत्र आहे, पडदा आहे. पण समोर बसून पाहणारा व ऐकणारा माणूस नाही. त्याची ही अनुपस्थिती या भागात इतर ठिकाणांपेक्षा अधिक महाग पडते.

आज्ञावलींचा अभ्यासक्रम

या विषयाची परिचित मांडणी कोणत्याही प्राध्यापकाच्या नजरेसमोर चटकन उभी राहील. पहिल्या घटकात बहुमाध्यम म्हणजे काय व त्याची पाच अंगे कोणती, याची व्याख्या. टे व्हॉन यांचे १९९३ साली प्रथम प्रसिद्ध झालेले पाठ्यपुस्तक या मांडणीचे आद्यपीठ म्हणता येईल. दुसऱ्या घटकात चित्रफायलींचे व ध्वनिफायलींचे प्रकार. त्यानंतर पॉवरपॉइंट : नवी स्लाइड कशी घ्यावी, पार्श्वभूमीचा रंग कसा बदलावा, एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना कोणता परिणाम द्यावा, अक्षरे डावीकडून आणावीत की वरून. पुढे फोटोशॉप, फ्लॅश, मूव्ही मेकर. प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याने दहा स्लाइड तयार करून दाखवायच्या. विषय कोणता, तर 'माझे महाविद्यालय', 'पर्यावरण', 'ताडोबा'. परीक्षक पाहतो ते रंग, परिणाम आणि तांत्रिक चुका. तोंडी परीक्षेत विचारले जाते ते अमुक काम कोणत्या मेनूमध्ये सापडेल, हे.

या पद्धतीची मर्यादा काळानेच सिद्ध केली आहे. मॅक्रोमीडिया कंपनीचे डायरेक्टर हे एके काळी बहुमाध्यम अभ्यासक्रमांचे मानाचे साधन होते. ती कंपनी २००५ साली अडोबीने घेतली आणि २०१७ मध्ये डायरेक्टर बंद झाले. विंडोज मूव्ही मेकरही त्याच वर्षी इतिहासजमा झाले. फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि जानेवारी २०२१ पासून त्या माध्यमातील कामे सर्वसाधारण ब्राउझरमध्ये दिसेनाशी झाली. म्हणजे २००६ साली ज्या विद्यार्थ्याने फ्लॅशमध्ये वाघ चालवून दाखवला आणि गुण मिळवले, त्याचे कौशल्य व त्याचा वाघ दोन्ही एकाच दिवशी नाहीसे झाले. यात विद्यार्थ्याचा दोष नाही, शिक्षकाचाही नाही. सुतारकाम शिकवण्याऐवजी एका विशिष्ट कंपनीच्या रंध्याची माहिती शिकवली गेली, आणि कंपनीने तो रंधा बनवणे थांबवले, असा हा प्रकार आहे. लाकडाचा पोत कसा ओळखावा, सांधा कोठे द्यावा, हे शिकवले गेले असते तर रंधा बदलल्याने फारसे बिघडले नसते.

तरीही पॉवरपॉइंट टिकून राहिले. म्हणून त्याच्या स्वभावाचा थोडा अधिक विचार करणे भाग आहे. रॉबर्ट गॅस्किन्स व डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट या छोट्या कंपनीत ते विकसित केले आणि १९८७ साली मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आणले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी एक कोटी चाळीस लाख डॉलरला विकत घेतली. पहिल्या आवृत्तीचे काम काय होते, तर ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या कृष्णधवल पारदर्शिका तयार करणे. महाविद्यालयांच्या कपाटांतून धूळ खात पडलेले ते प्रोजेक्टर पाहिले की हा वंशवृक्ष ध्यानात येतो. साधनाचा जन्म कंपनीच्या बैठकीतला आहे. आपसांत एकच भाषा बोलणारी, विषयाची पूर्वतयारी असलेली, निर्णय घेण्यासाठी जमलेली मोजकी मंडळी हा त्याचा गृहीत श्रोता होय. पुढील काळात त्यात 'ऑटोकन्टेन्ट विझार्ड' नावाची सोय आली. विषय निवडावा, की मुद्द्यांचा तयार सांगाडा हाती यावा. त्यात वाईट बातमी कशी सांगावी याचाही एक तयार साचा होता! २००७ च्या आवृत्तीत ही सोय काढून टाकण्यात आली. मात्र ती सवय मनात घर करून राहिली. मुद्दा, उपमुद्दा, त्याखाली आणखी उपमुद्दा अशा पायऱ्यांनी विचार उतरवला की तो नेटका झाला, असे मानणारी पिढी याच सवयीतून घडली.

या पायऱ्यांमुळे काय होऊ शकते याचे एक उदाहरण जगभर अभ्यासले गेले आहे आणि कल्पना चावलांमुळे ते भारतीय वाचकालाही परके नाही. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया अवकाशयानाच्या उड्डाणावेळी फेसाचा एक तुकडा सुटून यानाच्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी नासापुढे या आघाताविषयी स्लाइड सादर केल्या. त्यांतील एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे आदळलेल्या तुकड्याचे आकारमान आधीच्या चाचण्यांतील तुकड्यांच्या सुमारे सहाशे चाळीस पट होते, ती मात्र तळाशी, उपमुद्द्याच्या उपमुद्द्यात, लहान अक्षरांत होती. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान भंगले आणि सातही अंतराळवीर मृत्यू पावले. त्याच वर्षीच्या चौकशी मंडळाच्या अहवालात एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडचे केलेले विश्लेषण समाविष्ट आहे आणि तांत्रिक अहवालांची जागा स्लाइडनी घेण्याच्या प्रथेवर मंडळाने टीका केली आहे. अपघात स्लाइडमुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु सत्य पडद्यावर लिहिलेले असूनही ते समोरच्यांना दिसले नाही, ही गोष्ट उरतेच. स्लाइडवरील कोणती ओळ वर आणि कोणती खाली हा सजावटीचा प्रश्न नसून अर्थाचा प्रश्न आहे. आपल्या अभ्यासक्रमात मात्र तो 'फॉरमॅटिंग' या सदराखाली येतो.

अक्षरांची कथा

या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांच्या बाबतीत श्रोत्याच्या आधी अक्षराचीच अडचण उभी राहिली. २००० च्या दशकात मराठी सादरीकरण करू पाहणाऱ्याच्या हाती श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारखे फॉन्ट असत. यांतील बहुतेकांची रचना अशी की, संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरेच. फक्त त्यांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले. संगणक 'क' ओळखत नसे. तो एखादे रोमन चिन्ह साठवी आणि फॉन्ट त्याला 'क'चा मुखवटा चढवी. परिणाम असा की ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तेथे मुखवटा गळून पडे. एका संगणकावर रात्रभर बसून केलेले सादरीकरण परीक्षेच्या संगणकावर उघडले की पडद्यावर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हांचा खच दिसे. त्या काळातील प्रत्येक संगणक प्रयोगशाळेला हा प्रसंग ठाऊक आहे. यावरचा सोपा उपाय विद्यार्थ्यांनीच शोधला, तो म्हणजे सादरीकरण इंग्रजीत करणे.

वास्तविक देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान होते आणि विंडोज २००० पासून मंगल हा फॉन्ट संगणकाबरोबरच येत होता. इन्स्क्रिप्ट कळफलकही उपलब्ध होता. परंतु विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिपींची सोय मूळ सीडी घालून वेगळी सुरू करावी लागे. प्रयोगशाळेत ती सीडी कोणाच्या कपाटात आहे यावर मराठीचे भवितव्य ठरत असे, असे म्हटले तर ते केवळ विनोदाने नव्हे. अभ्यासक्रमात मजकूर या अंगाखाली अक्षराचा आकार, जाडी, तिरपेपणा शिकवला गेला. मराठी अक्षर संगणकात कसे राहते, ते एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात कसे जाते, हे शिकवले गेले नाही. ज्याची मातृभाषा देवनागरीत लिहिली जाते त्याच्यासाठी बहुमाध्यमाचा पहिला धडा हाच असावयास हवा होता.

आणि मातृभाषा म्हटली की येथे केवळ मराठीवर थांबता येत नाही. वैनगंगेच्या काठाने झाडीबोली, धानोरा-कोरचीकडे गोंडी व छत्तीसगढी, भामरागड-एटापल्लीत माडिया, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेरा-चामोर्शी परिसरातील वसाहतींत बंगाली, अशी या प्रदेशाची भाषिक वस्ती आहे. गोंडीच्या दोन लिपींना युनिकोडमध्ये जागा मिळाली : मसराम गोंडीला २०१७ साली आणि गुंजाळा गोंडीला २०१८ साली. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळाही सुरू केली. भाषा पडद्यावर येण्याची तांत्रिक सिद्धता झालेली असताना, त्याच भाषेच्या घरातून आलेला विद्यार्थी 'थँक यू' या अक्षरांनी शेवटची स्लाइड सजवतो. त्याला दुसरे काही अपेक्षित आहे असे कोणी सांगितलेलेच नसते.

झाडीपट्टीचे बहुमाध्यम

बहुमाध्यम ही गोष्ट या प्रदेशात संगणकाने आणली, असा समज अभ्यासक्रमाच्या पहिल्या घटकातून नकळत रुजतो. तो तपासून पाहण्यास झाडीपट्टी रंगभूमीइतके उत्तम साधन नाही. धानाची कापणी आटोपली, हाती थोडा पैसा आला, की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या चार जिल्ह्यांच्या गावोगावी मंडप पडतात. देसाईगंज, म्हणजे जुने वडसा, हे नाट्यमंडळ्यांचे मुख्य केंद्र. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, आणि ते पहाटेपर्यंत. परशुराम खुणे या गडचिरोली जिल्ह्यातील कलावंताला २०२३ साली पद्मश्री मिळाल्यावर उर्वरित महाराष्ट्राला या रंगभूमीचे नाव नव्याने कळले. येथील प्रेक्षकाला ते पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. दंडार, खडी गंमत यांसारख्या लोकप्रकारांतून ती वाढत आली.

या नाटकात शब्द आहे, रंगवलेला पडदा आहे, वाद्यमेळ आहे, गाणे आहे, नृत्य आहे, प्रकाश आहे. पाठ्यपुस्तकातील पाच अंगांपैकी उणे असे काहीच नाही. परंतु महत्त्वाचा भाग अंगांच्या संख्येत नसून त्यांच्या परस्परसंबंधात आहे. गाणे केव्हा यावे, तर प्रसंग जेथे शब्दांनी पुढे सरकत नाही तेथे. पडदा केव्हा बदलावा, तर स्थळ बदलल्यावर; मधेच उगाच नव्हे. गर्दीच्या शेवटच्या टोकाला, पाल अंथरून बसलेल्या म्हातारीपर्यंत शब्द पोहोचला पाहिजे, म्हणून तो कोणत्या पट्टीत उच्चारावा हे नटाला ठाऊक असते. प्रेक्षक कंटाळला की त्याच क्षणी ते समजते, कारण तो बोलून दाखवतो. सरकत येणारी अक्षरे आणि टाळ्यांचा ध्वनी यांनी प्रत्येक स्लाइड भरून टाकणाऱ्या विद्यार्थ्याने हेच नाटक लहानपणापासून पाहिलेले असते. घरच्या अंगणात तो उत्तम रसिक असतो. प्रयोगशाळेत शिरताच ते रसिकपण चपलांबरोबर दाराबाहेर राहते.

एक तुलना येथे करण्याजोगी आहे. झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टरला फार महत्त्व असते, कारण एकाच हंगामात अनेक नाटके उभी करणाऱ्या नटांना तालमीसाठी वेळ थोडा मिळतो. प्रेक्षकाने त्याला पाहू नये, त्याचा आवाज ऐकू नये, असा संकेत आहे. महाविद्यालयीन सादरीकरणात विद्यार्थी पडद्याकडे तोंड करून, प्रेक्षकांकडे पाठ करून, स्लाइडवरील ओळी जशाच्या तशा वाचतो. म्हणजे प्रॉम्प्टर रंगमंचाच्या मधोमध उजेडात उभा केलेला असतो आणि नट त्याच्या सावलीत. हा दोष विद्यार्थ्याच्या आत्मविश्वासाचा आहे, असे सहसा सांगितले जाते. पण स्लाइड ही बोलणाऱ्याची टिपणवही आहे की पाहणाऱ्यासाठीचे चित्र आहे, हा भेद अभ्यासक्रमानेच केलेला नाही. प्राध्यापकांच्या चर्चासत्रांतील शोधनिबंध-वाचनही यापासून मुक्त नाही, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नसावी.

झाडीपट्टीचा आदर्श जसाच्या तसा उचलावा, असे मात्र सुचवायचे नाही. ती रंगभूमी भावनेवर स्वार होते. आकडा, नकाशा, तुलनात्मक तक्ता ही तिची क्षेत्रे नव्हेत. त्यासाठी संगणकच हवा. पण श्रोता समोर ठेवून माध्यम निवडण्याची शिस्त तिच्यापाशी आहे आणि तीच अभ्यासक्रमात नाही.

पडद्यासमोरचा माणूस

या प्रश्नाचे खरे गांभीर्य वर्गाबाहेर कळते. चंद्रपूर-गडचिरोलीचा पदवीधर कंपनीच्या बैठकीत सादरीकरण करील की नाही, हे सांगता येत नाही. परंतु कोणीतरी केलेले सादरीकरण त्याच्या गावासमोर येण्याची शक्यता मात्र पुष्कळ आहे. कोळसा, लोहखनिज, सिमेंट, कागद, वीज यांनी हा प्रदेश व्यापला आहे. केंद्र शासनाने १४ सप्टेंबर २००६ रोजी काढलेल्या पर्यावरणीय आघात मूल्यमापन अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणीची रीत ठरवून दिली. तिच्या परिशिष्टानुसार सुनावणीचा आरंभच प्रकल्पधारकाच्या प्रतिनिधीने प्रकल्पाचे व मूल्यमापन अहवालाच्या सारांशाचे सादरीकरण करून व्हावयाचा असतो. सारांश इंग्रजीबरोबर राज्याच्या वा स्थानिक भाषेत द्यावा लागतो. उपस्थित प्रत्येकाला माहिती व खुलासा मागण्याची संधी द्यावी लागते. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवावे लागते. आणि संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण करून ते इतिवृत्तासोबत पाठवावे लागते. म्हणजे ज्याला महाविद्यालय 'मल्टिमीडिया प्रेझेंटेशन' म्हणते, ती गोष्ट येथे कायदेशीर प्रक्रियेचे पहिले पाऊल आहे, आणि तिची चित्रफीत शेवटचे.

एटापल्ली तालुक्यातील सूरजागड लोहखाणीच्या विस्तारासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोली येथे अशी सुनावणी झाली. प्रकल्प इष्ट की अनिष्ट, हा या लेखाचा विषय नाही. प्रश्न इतकाच की, अशा सभेत बसलेल्या पदवीधराला महाविद्यालयाने पडदा वाचायला शिकवले आहे काय? स्तंभालेखातील उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो की नाही, यावर वाढ मोठी दिसते की लहान, हे त्याला ठाऊक आहे काय? नकाशावर प्रमाणपट्टी नसेल तर आपल्या नाल्यापासून खाणीची हद्द किती दूर, हे विचारावे, असे त्याला सुचेल काय? रोजगाराचा आकडा पहिल्या स्लाइडवर ठळक आणि पाण्याचा आकडा शेवटून दुसऱ्या स्लाइडवर बारीक असेल, तर कोलंबियाच्या त्या तळाच्या ओळीची त्याला आठवण होईल काय? ज्याने वर्षभर मथळ्यांचे रंग बदलले, त्याला रंगाने काय झाकता येते हे सर्वांत आधी कळावयास हवे. अभ्यासक्रमाने त्याला झाकण्याची सर्व साधने दिली. उघडून पाहण्याचे एकही नाही.

याच धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने शिकण्याची वेगळी रीत दाखवून दिली आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. या वाटचालीमागे गावाचे अभ्यासगट होते, हे सर्वश्रुत आहे. विषय घ्यावा, जाणकाराला बोलवावे, प्रश्न विचारावेत, पुन्हा बसावे, आणि सर्वांची सहमती होईपर्यंत निर्णय करू नये. या पद्धतीत बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या गतीने चालावे लागते. स्लाइडच्या पद्धतीत गती बटणाच्या हाती असते. दहा मिनिटांत वीस स्लाइड संपवणारा विद्यार्थी परीक्षेत चपळ ठरतो. अभ्यासगटात त्याला तिसऱ्याच स्लाइडवर कोणीतरी थांबवले असते.

प्रात्यक्षिकाचे स्वरूप

उपाययोजना सुचवताना साधनांच्या अभावाचा मुद्दा पुढे येतो आणि तो निराधार नाही. २००० च्या दशकात चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र २,३४० मेगावॅट क्षमतेने उभे असताना आसपासच्या गावांतून भारनियमनाचे तास मोजले जात होते. प्रात्यक्षिकाचे वेळापत्रक विजेच्या वेळापत्रकावरून ठरे. आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, तरी भामरागडच्या वाटेवर नेटवर्क गृहीत धरून चालत नाही. परंतु येथे सुचवावयाचे बदल महाग नाहीत. लिबरऑफिस इम्प्रेस हे मुक्त साधन विनामूल्य आहे आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने त्याचे धडे मराठीतही उपलब्ध केले आहेत. ते एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात. आज्ञावली शिकण्याचे काम विद्यार्थी या धड्यांवरून स्वतः करू शकतो. त्यामुळे प्राध्यापकाचे जे तास मोकळे होतील, ते कशासाठी वापरावेत, हा खरा प्रश्न आहे.

एक आक्षेप असा घेतला जाईल की, श्रोत्याचा विचार हा भाषा विभागाचा वा संज्ञापनशास्त्राचा विषय आहे, संगणकाच्या शिक्षकाचा नव्हे. हा आक्षेप मान्य करणे कठीण आहे. शिंपीकाम शिकवणाऱ्याने माप घेणे दुसऱ्या विभागावर सोडून द्यावे, असे कोणी म्हणत नाही. मात्र त्यामागील एक अडचण खरी आहे. हा विषय शिकवणाऱ्यांत तासिका तत्त्वावरील शिक्षकांचे प्रमाण लक्षणीय असते. अभ्यासक्रम त्याच्या हाती येतो तो छापील आणि परीक्षेची तारीख ठरलेली. त्याच्याकडून प्रयोगशीलतेची अपेक्षा करताना मूल्यमापनाचा नमुना त्याला मोकळीक देतो काय, हे आधी पाहिले पाहिजे. शंभरपैकी साठ-सत्तर गुण तांत्रिक परिणामांना असतील, तर कितीही कळकळीचा शिक्षक परिणामच शिकवील.

म्हणून बदलाची सुरुवात गुणपत्रकापासून करणे व्यवहार्य ठरेल. प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकाबरोबर दोन असे श्रोते असावेत ज्यांना विषय ठाऊक नाही. महाविद्यालयातील शिपाई, ग्रंथालय परिचर, एखाद्या विद्यार्थ्याची आई, कोणीही चालेल. सादरीकरण संपल्यावर त्यांनी आपल्याला काय समजले ते आपल्या बोलीत सांगावे, आणि त्या सांगण्यावर निम्मे गुण द्यावेत. परिणामांसाठी दहा गुण पुरेत.

विषयांची यादीही बदलता येईल. 'पर्यावरण' या शब्दाऐवजी एका प्रत्यक्ष प्रकल्पाच्या मूल्यमापन अहवालाचा मराठी सारांश घ्यावा. ती सार्वजनिक कागदपत्रे आहेत. त्यातील पाणी, जमीन, धूळ व रोजगार यांचे आकडे विद्यार्थ्याने चार स्लाइडवर मांडावेत. पहिल्यांदा प्रकल्पधारकाच्या बाजूने, दुसऱ्यांदा नाल्याच्या खालच्या अंगाला शेती असणाऱ्याच्या बाजूने. आकडे तेच, क्रम व आकार वेगळे. दोन्ही संच एकामागून एक पडद्यावर आले, की मांडणीने अर्थ कसा वळतो हे निराळे शिकवण्याची गरज उरणार नाही. तिसऱ्यांदा तेच सादरीकरण माडियात, गोंडीत किंवा झाडीबोलीत, म्हणजे विद्यार्थ्याच्या घरी जी बोली असेल तीत, ध्वनिमुद्रित करावे. माडियात 'हेक्टर' कसा सांगायचा, 'घनमीटर प्रतिदिन' कसे सांगायचे, येथे विद्यार्थी अडेल. कोणी बैलजोडीच्या दिवसभराच्या नांगरणीने जमीन मोजून सांगेल, कोणी गुंडांनी पाणी. ही मापे काटेकोर असणार नाहीत; किती अंतर पडते ते विद्यार्थ्याने स्लाइडच्या खाली नव्हे, तोंडाने सांगावे. आणि चौथ्यांदा प्रयोगशाळेची वीज बंद करून, फक्त एका मोठ्या कागदावर हाताने काढलेल्या नकाशाच्या आधारे, दहा मिनिटे बोलावे.